प्रश्न तुमचे : भुवई पिवळी, शेपटी काटेरी

प्रश्न : दक्षिण चिलीतल्या जंगलांवरचा एक माहितीपट बघत होतो. त्यात एक इवलासा पक्षी दिसला. डोकं काळं, डोळ्यावर पिवळसर-केशरी रंगाचा जाड पट्टा, गळा पांढराशुभ्र आणि शेपटीच्या टोकाला चक्क काटे! निवेदक म्हणाला, हा ‘ओव्हनबर्ड’ कुळातला. मी वाचलं होतं, की या कुळातले पक्षी मातीची भट्टीच्या आकाराची घरटी बांधतात आणि रंगाने मातकट असतात. मग हा एवढा रंगीत कसा? शेपटीचे काटे खरे की कॅमेऱ्याची करामत? त्याच्या हालचाली बघून मला सारखी आपली रामगंगा आठवत होती. दोघांचं काही नातं आहे का?
— एक वाचक, चिपळूण

उत्तर : तुम्ही पाहिलात तो थॉर्न-टेल्ड रायादितो. चिली आणि अर्जेंटिनात त्याला नुसतं ‘रायादितो’ म्हणतात. शास्त्रीय नाव अफ्रास्तुरा स्पिनिकॉडा. तुमचं वर्णन इतकं नेमकं आहे, की ओळख पटवायला फोटोची गरजच पडली नाही. काळं डोकं, पिवळसर भुवई आणि काटेरी शेपटी या तिन्ही गोष्टी एकत्र असलेला दुसरा पक्षी तिकडच्या जंगलांत नाही.

त्याचं रूप सावकाश बघण्यासारखं आहे. चोचीच्या टोकापासून शेपटीच्या टोकापर्यंत लांबी जेमतेम १४ सेंटिमीटर, आणि त्यातही बराचसा भाग शेपटीचा. वजन १० ते १३ ग्रॅम, म्हणजे आपल्या चिमणीच्या जवळपास निम्मं. डोकं आणि गाल काळपट. चोचीच्या मुळापासून निघून डोळ्यावरून थेट मानेपर्यंत गेलेली रुंद, पिवळसर-केशरी भुवई. फोटोत सर्वांत आधी नजर जाते ती हिच्यावरच. हनुवटी आणि गळा स्वच्छ पांढरा, पोटही पांढरट. पाठ तपकिरी, पण कमरेशी येईपर्यंत तांबूस होत जाणारी. पंख काळसर आणि त्यांवर पिवळट-तांबूस आडवे पट्टे. बसलेल्या पक्ष्यात हे पट्टे अर्धवट झाकलेले असतात, उडताना एकदम उघडे पडतात. शेपटी लांब, काळी आणि तांबूस. चोच बारीक, टोकदार, सालीच्या फटीत शिरण्याजोगी.

आता काटे. ते अगदी खरे आहेत, कॅमेऱ्याने काही केलेलं नाही. पिसाला मधोमध एक दांडी असते आणि तिच्या दोन्ही बाजूंना मऊ तंतूंची पाती असते. रायादितोच्या शेपटीच्या पिसांत ही पाती टोकापर्यंत पोचतच नाही. शेवटच्या थोड्या भागात नुसती उघडी दांडी उरते. नारळाच्या झावळीचं पान सोलून हीर काढताना टोकाशी जसा नुसता हीर मोकळा होतो, तसंच हे. अशी बरीच उघडी टोकं शेजारी शेजारी आली, की शेपटी काट्यांची दिसते. ती टोचत मात्र नाही.

शेपटीत ताठ दांड्या असणं या कुळाला नवीन नाही. खोडांवर सरळ चढणारे वुडक्रीपर याच कुळात मोडतात. त्यांच्या शेपटीच्या दांड्या कडक असतात आणि आपल्या सुतार पक्ष्याप्रमाणे ते शेपटी खोडाला टेकवून तिचा आधार घेतात. रायादितोची तऱ्हा वेगळी. त्याची भिस्त पायांवर असते. फांदीच्या खालच्या बाजूने उलटा सरकेल, डहाळीच्या टोकाला लोंबकळेल, लगेच खोडावर येऊन सालीखाली चोच घालेल. शेपटीचा टेकू तो सहसा घेत नाही.

रंगाविषयीची तुमची शंका मला विशेष आवडली, कारण तिच्या उत्तरातून या कुळाचा स्वभाव कळतो. फर्नारिडी हे कुळ मोठं आहे. वुडक्रीपर धरून त्यात ३००हून अधिक जाती येतात. मेक्सिकोपासून दक्षिण अमेरिकेच्या पार शेवटच्या टोकापर्यंत ते पसरलं आहे. कुळाला नाव मिळालं ते ओर्नेरो या पक्ष्यामुळे. अर्जेंटिनाने १९२८ मध्ये त्याला राष्ट्रीय पक्ष्याचा मान दिला. चिखल, गवत आणि शेण कालवून तो घुमटाच्या आकाराचं घरटं बांधतो. वाळल्यावर ते कित्येक किलोचं भरतं. आत एक आडभिंत घातलेली असते, त्यामुळे दारातून थेट अंड्यांपर्यंत पोचता येत नाही. एवढा कुशल गवंडी रंगाने मात्र अगदी साधा, अंगभर मातकट तांबूस. त्याच्या भाऊबंदांपैकी बहुतेकांचंही तसंच. दक्षिण अमेरिकेत पक्षी बघणाऱ्यांची याच कुळापुढे सर्वांत जास्त परीक्षा होते. एक तपकिरी पक्षी दुसऱ्या तपकिरी पक्ष्यापासून वेगळा काढायचा, तर बऱ्याचदा कानावरच विसंबावं लागतं.

अशा घरात रायादितो रंगीत निपजला हे खरं. पण त्याच्या अंगावर कुळाबाहेरचा एकही रंग नाही. पिसांतला काळा आणि गडद तपकिरी रंग युमेलॅनिन या रंगद्रव्यामुळे येतो, तर तांबूस आणि पिवळट-मातकट छटा फिओमेलॅनिनमुळे. दोन्ही रंगद्रव्यं पक्ष्याच्या शरीरातच तयार होतात. पांढरं दिसतं तिथे रंगद्रव्य नसतं. आपल्या हळद्याचा पिवळाधमक रंग किंवा रोहित पक्ष्याचा गुलाबी रंग वेगळ्या वाटेने येतो. त्यासाठी लागणारी कॅरोटिनॉइड द्रव्यं अन्नातून मिळवावी लागतात. रायादितोची भुवई तुम्हाला केशरी वाटली तरी तिची जात हळद्याच्या पिवळ्याची नाही. ओर्नेरोच्या पाठीवरचा तांबूस आणि रायादितोच्या भुवईवरचा पिवळसर हे एकाच घराण्यातले रंग.

मग डोळ्यांना तो इतका झळझळीत का दिसतो? मला विचाराल तर, रंगांच्या मांडणीमुळे. काळ्याला लागून पिवळसर, त्याखाली पुन्हा काळा, त्याखाली एकदम पांढरा. मध्ये कुठे फिकट होत जाणारी छटा नाही, सगळ्या कडा स्वच्छ. ओर्नेरोमध्ये हेच रंग एकमेकांत मिसळून गेलेले असतात. मी तर म्हणेन, की फर्नारिडी कुळात देखणेपणाचा मान द्यायचा झाला तर रायादितोचं नाव पहिल्या चार-पाचांत घ्यावंच लागेल. अँडीजच्या ढगाळ जंगलात पर्ल्ड ट्रीरनर नावाचा त्याचा एक भाऊबंद राहतो. तांबूस पाठीच्या त्या पक्ष्याच्या पोटावर काळ्या कडांचे मोत्यांएवढे फिकट ठिपके असतात. तोही फोटोत जरूर बघा.

घरट्याबाबतही तुमचा अंदाज पुरता चुकलेला नाही, फक्त तो कुळातल्या एका शाखेलाच लागू पडतो. याच कुळात जमिनीत बिळं खोदणारे आहेत, काड्यांचे भलेमोठे ढीग रचणारे आहेत. रायादितो मातीला हात लावत नाही. तो झाडातली तयार पोकळी शोधतो. सुतार पक्ष्याने सोडलेली ढोली, कुजलेल्या खोडातली खोबण, सुटलेल्या सालीमागची जागा यांपैकी काहीही त्याला चालतं. आत गवत आणि तंतू अंथरून, पिसं आणि केस घालून जागा मऊ करतो. मादी साधारण तीन ते पाच पांढरी अंडी एक दिवसाआड घालते. पिल्लं घरट्यात जवळपास तीन आठवडे असतात. माणसाने टांगलेली लाकडी पेटीही तो आनंदाने स्वीकारतो. त्यामुळेच संशोधकांना त्याच्या संसाराचा बारकाईने अभ्यास करता आला आहे.

आता रामगंगा. तुमचं निरीक्षण पक्कं आहे, नात्याचा निष्कर्ष तेवढा सोडून द्या. दक्षिण अमेरिकेत रामगंगेच्या कुळातला एकही पक्षी नाही. शिलींध्रीच्या कुळातलाही नाही. फांद्या-डहाळ्यांवर उलटसुलट लोंबकळत, सालीच्या फटींतून कोळी, अळ्या, भुंगेरे वेचून खाणं हे काम आपल्याकडे ते करतात, तिकडच्या थंड जंगलात ते रायादितोने उचललं. काम सारखं, म्हणून चोच बारीक, अंग हलकं आणि हालचाली चपळ. रक्ताचं नातं मात्र फार दूरचं.

आपल्याकडे त्याचा जवळचा म्हणावा असा सोयरा शोधायचाच, तर तो आहे नवरंग! पावसाच्या तोंडावर कोकणात आणि सह्याद्रीत ज्याची दोन सुरांची शीळ घुमते, तोच. झाडावर बसणाऱ्या पक्ष्यांच्या विशाल गणात दोन मोठ्या शाखा आहेत. चिमणी, बुलबुल, दयाळ, कावळा, रामगंगा असे आपल्या ओळखीचे जवळजवळ सगळे एका शाखेत येतात. दुसरी शाखा बहुतांश अमेरिका खंडांत नांदते. भारतात तिचे प्रतिनिधी म्हणजे पिट्टा आणि ईशान्येकडच्या जंगलांतले ब्रॉडबिल. नवरंग हा पिट्टाच. त्यामुळे दिसायला कितीही वेगळे असले, तरी चिलीचा रायादितो आणि चिपळूणचा नवरंग एका शाखेवरचे आहेत आणि रामगंगा दुसऱ्या. रायादितो-नवरंगाच्या शाखेतल्या बहुतेक पक्ष्यांना गाणं शिकावं लागत नाही. आईबापांचं ऐकून सूर घोटण्याची रीत रामगंगेच्या शाखेची. यांचं गाणं उपजतच असतं.

त्या भागातली जंगलं कशी आहेत हे समजल्याशिवाय रायादितो पुरता कळत नाही. उत्तरेला अटाकामाचं वाळवंट, पूर्वेला अँडीज, त्यापलीकडे पॅटागोनियाचं कोरडं माळरान, पश्चिमेला पॅसिफिक. यांच्यामध्ये अडकलेली थंड, ओली जंगलपट्टी. कोइवे, लेंगा, न्यिरे ही तिथली मुख्य झाडं नोथोफागस प्रजातीतली आहेत. उत्तरेकडे फ्राय होर्हे राष्ट्रीय उद्यानात रायादितो भेटतो. तिथे पाऊस अगदी कमी पडतो, पण समुद्रावरून येणारं धुकं डोंगरमाथ्यावर अडतं आणि त्या ओलाव्यावर जंगलाचे तुकडे तगून आहेत. भोवताली काटेरी झुडपं आणि निवडुंग, मध्येच धुक्यावर जगणारं हिरवं रान, आणि त्यात हा पक्षी. तिथून केप हॉर्नपर्यंतचं अंतर सरळ रेषेत सुमारे २,८०० किलोमीटर आहे. एवढ्या लांबीच्या पट्ट्यात हा पक्षी समुद्रकाठापासून झाडं संपतात त्या उंचीपर्यंत राहतो.

पट्टा एवढा लांब असला की रूपही सगळीकडे एकसारखं राहत नाही. चिलोए बेटावरचे रायादितो पोटाकडून पांढरे नसतात, त्यांच्यावर पिवळट-मातकट झाक असते. त्यांना वेगळी उपजात मानतात. पॅसिफिकमध्ये दूरवर असलेल्या आलेहान्द्रो सेलकर्क बेटावर त्याचा एक सख्खा भाऊ आहे, मासाफुएरा रायादितो. तो अधिक करडा-तपकिरी, ठसठशीतपणा कमी असलेला. जगात तेवढ्या एकाच बेटावर, वृक्षनेच्यांच्या रानात तो राहतो. संख्या काहीशेच्या घरात. माणसाने नेलेल्या शेळ्यांनी तिथलं रान खाल्लं, उंदीर आणि मांजरं पिल्लांच्या मुळावर आली. अतिसंकटग्रस्त पक्ष्यांच्या यादीत आज त्याचं नाव आहे. त्याच्याबद्दल लिहिताना मन अस्वस्थ होतं.

तिसऱ्याची गोष्ट सर्वांत ताजी. केप हॉर्नच्या नैर्ऋत्येला सुमारे १०० किलोमीटरवर दिएगो रामिरेझ हा छोटा द्वीपसमूह आहे. तिथे एकही झाड नाही, झुडूपही नाही. उंच गवताचे झुबके, अल्बट्रॉसची घरटी आणि अखंड वारा. तरीही तिथे रायादितो आहेत. संशोधक रिकार्दो रोझी आणि सहकाऱ्यांनी त्यांचं मोजमाप केलं तेव्हा दिसलं, की या पक्ष्यांची चोच मोठी, पाय लांब, शेपटी आखूड आणि वजन जास्त आहे. जनुकांतही फरक निघाला. ढोल्या नाहीत म्हणून ते जमिनीवरच्या पोकळ्यांत घरटी करतात. शिकार करणारा एकही सस्तन प्राणी तिथे नसल्याने ते निभावतं. २०२२ मध्ये ‘सायंटिफिक रिपोर्ट्स’ या नियतकालिकात त्यांनी ही नवी जात म्हणून जाहीर केली, अफ्रास्तुरा सबअंटार्क्टिका. झाडावरचं आयुष्य सुटलं की शरीर कसं बदलत जातं, याचा इतका स्वच्छ पुरावा क्वचित मिळतो.

मूळ जातीला शास्त्राच्या वहीत जागा मिळाली ती १७८९ मध्ये. निसर्गशास्त्रज्ञ ग्मेलिनने तिएरा देल फ्वेगोमधल्या या पक्ष्याचं वर्णन करताना त्याला धोबी पक्ष्याच्या प्रजातीत बसवलं होतं. चार्ल्स डार्विन १८३२ मध्ये ‘बीगल’ जहाजातून तिथे पोचला. आपल्या प्रवासवर्णनात त्याने या पक्ष्याला तिएरा देल फ्वेगोमधला सर्वांत जास्त दिसणारा पक्षी म्हटलं आहे आणि लगेच एक मार्मिक शेरा जोडला आहे. जंगलात शिरलेल्या माणसाच्या मागे मागे, कर्कश चिवचिवाट करत तो झाडाझाडांवरून येत राहतो, म्हणून आहे त्याहून अधिक संख्येने असल्यासारखा भासतो, असं डार्विनचं म्हणणं. मोजणीत होणारी ही गफलत त्याने विशीतच टिपली होती. पक्षिगणना करणाऱ्या आपल्या मित्रांनी ती ध्यानात ठेवावी.

प्रश्न : रायादितोचे नर आणि मादी कसे ओळखायचे?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : नुसत्या डोळ्यांनी ओळखता येत नाहीत. रंग दोघांचा एकच, भुवई तेवढीच ठळक, काटे दोघांनाही. नर अंगाने किंचित मोठा असतो, पण तो फरक हातात घेऊन मोजल्यावर कळणारा. चिलोए बेटावरच्या अभ्यासात दिसलं, की घरटं सजवणं, अंडी उबवणं आणि पिल्लांना भरवणं ही सगळी कामं दोघं वाटून करतात. ज्या जातींत नर नुसता मिरवतो, तिथे बऱ्याचदा तो भडक आणि मादी साधी असते. इथे दोघांचं काम एक आणि पोशाखही एक.

प्रश्न : डिसेंबरमध्ये अंटार्क्टिकाच्या सफरीसाठी उशुआइयाला जाणार आहोत. बोट सुटण्याआधी दोन दिवस मोकळे आहेत. हा पक्षी दिसेल का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : नक्की दिसेल. शहराजवळच तिएरा देल फ्वेगो राष्ट्रीय उद्यान आहे. तिथल्या लेंगाच्या रानात पायवाटेने सावकाश चाला. आधी कान उघडे ठेवा. अतिशय बारीक, झपाट्याने ओढलेला ‘त्स्रीऽऽ’ किंवा ‘त्सी-त्सी’ असा तीक्ष्ण आवाज आला की थांबा. झेनो-कँटो या संकेतस्थळावर त्याचे आवाज आहेत, ते निघण्यापूर्वी ऐकून ठेवा. रायादितो बहुधा एकटा नसतो. विणीचा काळ सोडला तर त्याचे थवे फिरतात, आणि पांढऱ्या गळ्याचा ट्रीरनर, माशीमार यांसारखे इतर छोटे पक्षी त्यांना येऊन मिळतात. सह्याद्रीत मिश्र थव्यामागून फिरण्याची सवय असेल, तर तुम्हाला काही वेगळं शिकावं लागणार नाही. एक रायादितो सापडला, की त्याच्या आजूबाजूला नीट बघा.

कधी एकदम मोठा कलकलाट ऐकू येईल. दिवसाही हिंडणारं एक छोटं घुबड तिकडे आहे, चुंचो. ते दिसलं की रायादितो एकमेकांना हाका देत गोळा होतात आणि त्याला पिटाळून लावेपर्यंत सोडत नाहीत. अशा गदारोळात भान हरपून ते माणसाच्या अगदी जवळ येतात. फोटो काढणाऱ्यांना ही संधी हवीशी वाटते, आणि तिथेच माझी विनंती आहे.

त्याला जवळ बोलावण्यासाठी मोबाइलवर त्याची किंवा घुबडाची हाक वाजवू नका. ऑक्टोबर ते डिसेंबर हा त्याचा अंडी-पिल्लांचा काळ. उन्हाळा छोटा असतो, पिल्लांना दिवसभर किडे आणून भरवायचे असतात, आणि नसलेल्या शत्रूशी भांडण्यात गेलेला प्रत्येक तास पिल्लांच्या वाट्यातून जातो. वाटेत वाळलेलं, पोखरलेलं उभं झाड दिसलं तर त्याच्या ढोलीत डोकावू नका, साल ओढून बघू नका. अशी म्हातारी झाडं हीच त्याची घरं आहेत. मध्य चिलीत मूळ जंगल तोडून पाइन आणि निलगिरीच्या लागवडी झाल्या, तिथे ढोल्या पडण्याएवढं झाडाचं वय होण्याआधीच ते कापलं जातं.

दुर्बीण गळ्यात ठेवा आणि वाटेवर पाच मिनिटं शांत उभे राहा. जवळपास असेल तर तो आपणहून तुम्हाला बघायला येईल.